पुष्टकाळातला कोरा चहा

परवा सकाळी पेपर चाळताना आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली. थंडीमुळे दुधाची आवक वाढली आहे, जादा दुधाची भुकटी करायचा विचार चालू आहे, खरेदीचा दर पडू नये म्हणून सरकार काहीतरी जाहीर करणार आहे, वगैरे. अशी बातमी दरवर्षी याच सुमारास येते आणि दरवर्षी मी ती ओलांडून पुढच्या पानावर जाते. पण या वेळी तिच्यात ‘पुष्टकाळ’ हा शब्द होता. तो वाचत मी तशीच उभी राहिले आणि इकडे गॅसवरचं दूध उतू गेलं.

आम्ही नाशकात द्वारका चौकापासून दहा मिनिटांवर राहतो. इथे हिवाळा म्हणजे बोचरी हवा, बाजारात आलेला हिरवा हरभरा आणि पहाटे कानटोपी घालून फिरायला निघालेली मंडळी. पुष्टकाळ म्हटलं तर शेजारीण विचारेल, हे कुठलं टॉनिक? पण चांदवडच्या पलीकडे, हायवे सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं जे गाव आहे तिथे माझ्या लहानपणी हा शब्द शेंबडं पोरसुद्धा बोलायचं. सहा ऋतू आम्ही शाळेत पाठ केले ते परीक्षेपुरते. घरात दोनच होते. उन्हाळ्यात चारा संपतो, गाई आटतात, दूध मिळेनासं होतं, तो कृशकाळ. पाऊसपाणी होऊन गेलं, घास वाढला, गाई व्यायल्या आणि थंडीत दूध कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं, की तो पुष्टकाळ. ही नावं सरकारी. दूध खरेदीच्या परिपत्रकात छापून यायची. ज्या साहेबाने ती पहिल्यांदा लिहिली त्याला बढती मिळाली की नाही कोण जाणे, पण माझ्या मते तो चोरून कविता करत असणार.

परिपत्रक आमच्या घरी यायचं, कारण माझे वडील, आप्पा, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली. आत लाकडी टेबल, पांढऱ्या डब्यात तरंगणारा लॅक्टोमीटर, फॅट काढायचं हाताने फिरवायचं यंत्र आणि भिंतीला टेकून उभे ॲल्युमिनियमचे कॅन. आप्पांच्या एकाही शर्टाची बाही धड नव्हती. फॅट काढायच्या ॲसिडचे थेंब उडून तिला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. लग्नाकार्यालाही तेच शर्ट. गावात नवा माणूस आला आणि सेक्रेटरी कोण म्हणून विचारलं, तर लोक सांगायचे, बाहीकडं पाहा म्हणजे सापडंल.

आप्पांचा सरकारवर विश्वास होता. आता हे वाक्य लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा अशी माणसं असायची. ते म्हणायचे, व्यापारी दुधाला उन्हाळ्यात डोक्यावर घेतो आणि हिवाळ्यात पायाखाली घालतो. सरकार आपलं बाराही महिने एका दराने घेतं, म्हणून गरिबाच्या दावणीला गाय टिकते. पण सरकारच्या कढईलाही काठ असतात. हिवाळ्यात सगळीकडून दूध आलं की ते ठेवायला जागा नसायची, भुकटीचे कारखाने तुडुंब व्हायचे. म्हणून नियम असा होता की ज्या संस्थेने कृशकाळात जेवढं दूध घातलं, त्याच्या हिशेबाने पुष्टकाळात तिचे कॅन घेतले जातील. मग संस्थेनेही आपल्या सभासदांना तोच नियम लावायचा. आप्पांनी तो संस्थेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता: ‘जो वैशाखात घालेल, त्याचेच पौषात घेतले जाईल.’ खाली सही. पावसाने अक्षरं पुसली की आप्पा ती पुन्हा गिरवायचे.

या संस्थेत माझी आई बेचाळीस नंबरची सभासद होती. गाय तिच्या नावावर, दूध तिच्या नावावर. सकाळी घरात आप्पा तिला ‘शोभाची आई’ म्हणून हाक मारायचे, आणि अर्ध्या तासाने संस्थेत टेबलापलीकडून ‘बेचाळीस’ म्हणायचे. तीही पदर नीट करून ‘हां, सेक्रेटरी’ म्हणायची. आप्पा लॅक्टोमीटर सोडायचे, चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “अठ्ठावीस डिग्री.” म्हणजे दूध चोख, पाणी नाही. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते सणावाराला नवं लुगडं आणल्यावरही यायचं नाही. आप्पांनी तिचं कौतुक केलेलं मी दुसरं कधी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते अठ्ठावीस त्यांनी इतरांनाही तेवढ्याच आवाजात सांगितलेलं असायचं.

आमचं घर संस्थेला लागूनच होतं, टेम्पो वळायचा त्या कोपऱ्यावर. सकाळी रिकामे कॅन घेऊन टेम्पो यायचा तो अख्ख्या गावाला उठवत. ठणाठण, ठणाठण. जाताना मात्र तो मुकाट जायचा. कॅन चढवणारा माणूस म्हणायचा, भरलेला कॅन गप असतो. आईला तर इतका सराव झाला होता की कॅन चढवतानाचा आवाज ऐकून चुलीपुढूनच ती सांगायची, आज अठरा कॅन गेले, आज वीस. लोक पावलांवरून माणूस ओळखतात, आई कॅनवरून गावाची दुभती जनावरं ओळखायची.

मी सातवी पास झाले त्या वैशाखात एक पांढरी व्हॅन गावाच्या फाट्यावर उभी राहायला लागली. कुठल्या तरी खासगी डेअरीची. दर सरकारपेक्षा चांगलाच जास्त, वर पैसे जागेवर. व्हॅनवाला गोड बोलायचा. बायकांना म्हणायचा, “काकू, ओतून टाका. डिग्री-बिग्री काय नाय पाहायची आपल्याला.” आईला हे शेवटचं आवडलं नसणार. पण त्या वर्षी तिच्या डोक्यात वेगळंच होतं. आठवीचा वर्ग गावात नव्हता. चांदवडच्या शाळेत जायचं म्हणजे जाऊन येऊन आठ-नऊ किलोमीटरची पायपीट, आणि माझ्या बरोबरच्या दोघींच्या घरी ‘आता पुरे’ असं ठरूनही गेलं होतं.

एका सकाळी आई किटली भरून अंगणात उभी राहिली आणि आप्पांना म्हणाली, “मी आजपासून व्हॅनला घालते. पोरीला सायकल घ्यायची हे.”

आप्पा दाढी करत होते. त्यांनी आरशातच पाहिलं. “तुझी गाय हे, तुझं दूध हे. मी कोण नाय म्हणणारा? पण पौषात जागा राह्यची नाय. आताच सांगून ठेवतो.”

“पौषाचं पौषात पाहू,” आई म्हणाली.

सायकल आली. जुनीच, पण निळी, पुढे टोपली असलेली. तिच्यावरून पहिल्यांदा घसरगुंडीसारखी उतारावर सुटले तेव्हा आई किटली खाली ठेवून हसली होती, तोंडावर पदर न घेता. पुढची सगळी शाळा, मग बारावी, मग नाशकाचं कॉलेज, इथली नोकरी, हा गॅस आणि हे उतू गेलेलं दूध, सगळं त्या सायकलच्या मागे मागे आलं.

दिवाळी झाली. आमच्या कबरी गाईची कालवड, मैना, पहिल्यांदाच व्याली. खरवस झाला. गावात सगळ्यांच्याच गोठ्यात तेच चाललं होतं. आणि अशा वेळी व्हॅन यायची बंद झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग नाहीच. व्हॅनवाल्याचा गोड आवाजही तिच्याबरोबर गेला. आणि पौष उजाडला.

तो दिवस मला धुक्यासकट आठवतो. लाल कांद्याच्या वाफ्यांवर धुकं बसलेलं, संस्थेपुढे किटल्या घेऊन बायका-बाप्यांची रांग, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. मी सायकल घेऊन शाळेला निघायच्या बेतात, पण रेंगाळत होते. आईच्या पुढे शेजारच्या सिंधूवहिनी होत्या. आप्पांनी वही पाहिली. “वहिनी, तुमचं उन्हाळ्यात आलेलं नाय.”

“नाय आलं भाऊजी. व्हॅनला घातलं.”

“मग परत न्यावं लागंल.”

सिंधूवहिनी कसनुशा हसल्या, बाजूला झाल्या आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. घरी जायचं की अजून थोडं थांबायचं, हे त्यांचं ठरत नसावं. मग आई पुढे झाली. रांगेतलं बोलणं थांबलं. आप्पांनी वही पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती.

“बेचाळीस,” ते म्हणाले.

“हां, सेक्रेटरी.”

“परत.”

आईने किटलीचं झाकण उघडलं होतं, ते लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा काढून लावलं. “बरं,” म्हणाली आणि वळली. रांगेतल्या कुणी तिच्याकडे बघितलं नाही. गावात माणसं एवढी सभ्य फार थोड्या वेळा होतात.

मी तिच्या मागे घरी आले. ती उंबऱ्यात किटली घेऊन तशीच उभी. मी कंपासपेटी शोधत होते. थोड्या वेळाने टेम्पो निघाला आणि आमच्या कोपऱ्यावर वळला. तो गेल्यावर आई म्हणाली, मला नव्हे, कुणालाच नव्हे, “आज गाडी डचमळत गेली.”

मी म्हटलं, “आई, माझी कंपासपेटी?”

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेत गेली नाही. कबरी आणि मैनेचं मिळून सकाळचं सात लिटर दूध ती किटलीत भरायची आणि माझ्या सायकलच्या कॅरियरला नाड्याने आवळून बांधायची. शाळेला जाताना ते हायवेवरच्या एका हॉटेलात द्यायचं. ट्रकवाले थांबायचे तिथे. हॉटेलवाल्याने पहिल्या दिवशी किटलीत बोट बुडवून विचारलं, “पाणी तर नाय ना घातलं?” मी ताठ होऊन म्हणाले, “माझे आप्पा सेक्रेटरी आहेत.” तो म्हणाला, “मग इकडं कसं काय दूध?” मी सायकल दामटली.

संध्याकाळचं दूध हॉटेलवाल्याला नको होतं, ते घरातच राहायचं. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो हिवाळा मला फार आवडला. एरवी आमच्या घरात दूध म्हणजे दुसऱ्याची वस्तू. दोन्ही वेळा घरातून बाहेर जाणारी. आमच्या चहाला पळीभर आणि पाहुणा आला तर दोन पळ्या. सेक्रेटरीची पोर असून मी साय म्हणजे काय ते मावशीच्या घरी पाहिलेलं. त्या पौषात मात्र चुलीवर सारखं काही ना काही आटत असायचं. बासुंदी, खवा, पेढे. शिंक्यावर दही, रांजणाशेजारी ताक, आणि लोणी कढवताना त्यात टाकलेल्या नागवेलीच्या पानाचा वास. आई उलथनं फिरवत राहायची आणि मी कढईच्या कडेची खरवड खात अभ्यास करायचे. बीजगणिताची सूत्रं आजही आठवली की मला जिभेवर जरा करपलेला खवा लागतो. शाळेत माझ्या डब्याभोवती मुलींची गर्दी. माझे गाल वर आले. मास्तर म्हणाले, शोभा, मामाच्या गावाला जाऊन आलीस का? असे मामाचे गाव तेव्हा सगळ्यांच्या वाट्याला यायचे नाहीत.

आणि त्याच घरात आप्पा कोरा चहा पीत होते.

पहिल्याच संध्याकाळी आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. दाट, साईचा पांढुरका. त्यांनी कप सरकवला. “कोरा दे.” आईने कोरा करून दिला. मग रोज तेच. सकाळी कोरा, संध्याकाळी कोरा. भाकरीवर लोणी नको, ताक नको, बासुंदीची वाटी नको. संक्रांतीला गुळाची पोळी झाली. घरच्या तुपाचा डबा समोर असताना या माणसाने तिच्यावर तेल घेतलं. गुळाच्या पोळीवर तेल! सिंधूवहिनींनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं बाई, असं तर आमच्याकडं सुतकातबी कोन खात नाय.”

मी आईची बाजू घेतली होती, हे सांगायला नको. सायकल माझी, खवा माझा. मला वाटायचं, आप्पा तिला शिक्षा करताहेत. तोंडाने काही न बोलता, रोज दोनदा, कपाने. तेरा वर्षांच्या मुलीला न्याय फार पटकन करता येतो. मी त्यांच्याशी धड बोलेनाशी झाले. ते दोघं तर मुळात एकमेकांशी कमीच बोलायचे, आता ‘मीठ’ आणि ‘चारा’ एवढ्यावर आलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड हिवाळा हा त्या दोघांचा सगळ्यात अबोल हिवाळा होता, आणि मला अजूनही त्याची ओढ लागते याची लाज वाटते. पण लागते. लाज वाटली म्हणून ओढ थांबत नाही.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट मात्र वेगळी घडायची. आठवड्यातून एक दिवस सरकार कुणाचंच दूध घ्यायचं नाही. त्याला म्हणायचे दूध सुट्टी. आदल्या दिवशी आप्पा फळ्यावर लिहायचे, ‘उद्या सुट्टी.’ शाळेला सुट्टी असल्यासारखी पोरं ओरडायची आणि मोठी माणसं कपाळाला हात लावायची. त्या दिवशी गावातलं सगळं दूध गावातच. दुपारपर्यंत घराघरातून खवा आटल्याचा वास. लहान पोरांना पकडून पकडून दूध पाजायचे. कुत्र्यांचीसुद्धा चंगळ. आणि सुट्टीच्या दिवशी बायका आमच्या दारात यायच्या, कारण खवा न लागू देता कसा आटवायचा हे आता आईइतकं कुणाला येत नव्हतं. “घाई नका करू,” ती सांगायची, “आच कमी ठेवा आन् हात थांबवू नका.” त्या दिवशी अख्खं गाव तिच्यासारखं असायचं, सगळ्यांचंच दूध परत आलेलं. त्या एका दिवशी ती ओसरीवर बसून मोठ्याने बोलायची. आप्पा संस्थेच्या रिकाम्या खोलीत बसून कॅन घासत असायचे.

माघ गेला, फाल्गुन गेला. होळीनंतर ऊन चढलं तशी दुधाची धार बारीक व्हायला लागली. चैत्रात एका सकाळी फाट्यावर पांढरी व्हॅन पुन्हा उभी. तोच व्हॅनवाला, तोच गोड आवाज, दर आणखी वाढवलेला. गावातल्या निम्म्या किटल्या तिकडे वळल्या. नियम काय आहे, पौषात काय झालं, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. पण पौष लांब असतो आणि व्हॅन जवळ.

आई किटली घेऊन निघाली. मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर, म्हटलं आता व्हॅनला घालून ही मोकळी होईल आणि माझं कॅरियरही सुटेल. फाट्यावर व्हॅनवाला म्हणाला, “या काकू, लय दिवसांनी.” आई थांबली नाही. व्हॅनला वळसा घालून आल्या वाटेने परत फिरली आणि सरळ संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली. रांग नव्हतीच. तीन माणसं होती.

आप्पांनी मान वर केली. वही पुढे ओढली. मग म्हणाले, “बेचाळीस.”

“हां, सेक्रेटरी.”

त्यांनी दूध डब्यात ओतलं, लॅक्टोमीटर सोडला, चष्मा कपाळावर चढवला, वाकले. लॅक्टोमीटर केव्हाच स्थिर झाला होता तरी ते वाकलेलेच. शेवटी म्हणाले, “अठ्ठावीस डिग्री.” त्या संध्याकाळी आईने न विचारता दुधाचा चहा केला, आणि आप्पांनी न बोलता तो प्यायला.

पुढे मी शिकायला नाशकात आले. कबरी गेली, मैना म्हातारी झाली. एकेक करत खासगी डेअऱ्यांचे टँकर गावोगावी बारमाही फिरायला लागले. सरकारी टेम्पो आधी एकाच वेळचा झाला, मग बंद. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत आता कांद्याच्या गोण्या असतात. फळा भिंतीवर आहे म्हणतात, पण अक्षरं गिरवायला कुणी नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेरावं झालं आणि मी आप्पांना इकडे घेऊन आले.

आल्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. त्यांनी कप सरकवला. “कोरा दे.”

मी डॉक्टरांकडे नेलं. पोट, साखर, सगळं तपासलं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, दूध सोसत नाही. आयुष्यभर दूध मोजलेला माणूस. डॉक्टर हसले, मीही हसले. मग मला सवय झाली. आमच्या सोसायटीत दूध प्लॅस्टिकच्या क्रेटमधून येतं, पिशव्यांमधून, आवाज असा काही नाही. तरी दूधवाल्याची रिक्षा खाली थांबली की आप्पा जागे होतात आणि अंथरुणात बसून कान देतात.

तर परवा दूध उतू गेलं, मी ओटा पुसत होते, आणि आप्पा आत आले. पेपर मी टेबलावर टाकला होता. त्यांनी तो घेतला, बातमी वाचली. “पुष्टकाळ लागला म्हणायचा,” असं म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी त्यांचा कोरा चहा पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

“शोभे, त्या साली शेवटचा कॅन अर्धाच भरला होता.”

“कुठल्या साली?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“तुझ्या आईचं दूध परत केलं ना, त्या दिवशी. एकाची गाय आजारी पडली, त्याचं दूध आलंच नाय. वीस कॅन पाठवायचे होते. एकोणीस भरले आन् विसावा अर्धा. तिचं सात लिटर सहज मावलं असतं त्याच्यात. सिंधूवहिनींचंबी मावलं असतं.”

“मग घेतलं का नाही?”

आप्पा शर्टाच्या बाहीकडे बघत राहिले. आता तिला भोकं नाहीत. “वहिनींना परत पाठवलं होतं. त्या फाटकाशीच उभ्या होत्या. घरच्या बाईचं घेतलं असतं तर त्यांच्याकडं कोणत्या तोंडानं पाह्यलं असतं? आन् दोघींचं घेतलं असतं तर बाकीचे होतेच, त्यांचं काय करायचं? असं सगळं डोक्यात आलं. नियम सरकारचा होता, पण कॅन तर माझ्याच हातात होता ना. मी झाकण लावलं आन् चढवला गाडीत. तुझ्या आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाय.” बाही सारखी करत म्हणाले, “त्याच्यानंतर ते दूध घशाखाली उतरंना. पुढं तिनं पुढ्यात ठेवला म्हणून पीत राह्यलो, ती गेली आन् पुन्हा तेच.”

मी फडकं ठेवलं. एवढी वर्षं मी जिला शिक्षा समजत होते ती शिक्षाच होती. फक्त कुणाला, एवढंच मला कळलं नव्हतं. आणि मग, इतक्या वर्षांनी, कंपासपेटी शोधणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि उंबऱ्यात किटली घेऊन उभी असलेली आई.

“आप्पा, तिला माहीत होतं.”

त्यांनी वर पाहिलं.

“टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हा ती दारात उभी होती. गाडी गेल्यावर म्हणाली, आज गाडी डचमळत गेली. मला तेव्हा काही कळलं नाही. पण तिला कळलं होतं. भरलेला कॅन गप असतो.”

आप्पांनी पेपरची घडी घातली. खाली रिक्षा सुरू झाली आणि हायवेच्या आवाजात मिसळून गेली. त्यांच्या चहावर तांबूस तवंग धरला होता.

“माहीत होतं,” ते स्वतःशी म्हणाले. आणि मग, “तरी चैत्रात आली.”

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी नुसती बसले.

“काय म्हणाली होती? परत सांग.”

“आज गाडी डचमळत गेली.”

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.